कमी म्हणजे चांगलं, असं मी मानत होते

माझी सगळी नोकरी एक आकडा खाली आणण्यात गेली. वर्धा जिल्ह्यात मी आधी उपकेंद्रावर नर्सबाई होते, पुढे आरोग्य सहायिका झाले; बरीच वर्षं समुद्रपूर तालुक्यात, नंतर आर्वीकडे. लसीकरण, बाळंतपणं, तापाचे रक्तनमुने, सगळंच करावं लागे. पण मार्च जवळ आला की बैठकीत विचारणा व्हायची ती एकाच गोष्टीची, कुटुंब नियोजनाच्या केसेस किती झाल्या. तांबी किती बसवल्या, माला-डीची पाकिटं किती वाटली, हे नंतर. ऑपरेशनची केस हाच खरा हिशेब. १९९६ मध्ये केंद्र सरकारने उद्दिष्टं रद्द केली, तरी ‘अपेक्षित पातळी’ या नावाने आकडा आमच्या मागे राहिलाच.

मला मात्र तो आकडा कधी जाचला नाही. माझी आई सहाव्या बाळंतपणानंतर अंथरुणाला लागली ती पुन्हा नीट उठली नाही. ‘दोन पुरेत’ हे मी सरकारचं वाक्य म्हणून कधी बोलले नाही, आईकडे पाहून बोलले. घरात मुलं कमी असणं चांगलंच, आणि जितकी कमी तितकं चांगलं, एवढं सरळ माझं गणित होतं. आज मी तसं मानत नाही. याचा अर्थ मुलं जास्त व्हावीत असंही मी म्हणत नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण हल्ली या विषयावर तोंड उघडलं की ऐकणारा लगेच विचारतो, ‘म्हणजे तुम्ही तीनवाल्या का?’

ऑपरेशनला बायकांना ओढून आणत, असं शहरातल्या पुष्कळ लोकांना वाटतं. जबरदस्ती झाली, हे खरं आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभरात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यात बहुतेक पुरुष होते. तो धसका असा बसला की पुरुष या वाटेला पुन्हा फारसा आलाच नाही. सगळा भार बायकांच्या अंगावर पडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण होतं ०.३ टक्के. एवढं असूनही मी जे पाहिलं ते सांगितलं पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांतल्या कितीतरी आपणहून यायच्या, आणि चोरून यायच्या. बाजाराच्या दिवशी, लेकराला सुई द्यायची आहे असं घरी सांगून. ‘बाई, मले ऑपरेशन करून द्या. सासूले नोका सांगू.’ पंचविशीतली बाई, कडेवर एक, हाताशी एक, पोटात तिसरं, आणि डोळ्यांच्या आतली बाजू पांढरीफटक. तिला देशाची लोकसंख्या कमी करायची नव्हती. तिला रात्री झोप हवी होती आणि अंगात थोडं रक्त.

संततिनियमन साधनांनी करावं की संयमाने, हा वाद आमच्या जिल्ह्याने फार आधी ऐकला आहे. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर या अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या कार्यकर्त्या गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र १९२१ मध्येच सुरू केलं होतं आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकही १९२७ पासून निघत होतं. गांधीजींना साधनं मान्य नव्हती. त्यांचा मार्ग संयमाचा, आणि बाईने नवऱ्याला नकार द्यायला शिकावं हे त्यांचं सांगणं. मी खादीच्या घरात वाढलेली, सेवाग्रामला श्रद्धेने जाणारी. तरी या एका बाबतीत मी सँगरबाईंच्या बाजूची राहिले, कारण रात्री नकार दिलेल्या बाईचं काय होतं ते सकाळी मला उपकेंद्रात दिसत होतं. पुढे सेवाग्रामला १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं ते डॉ. सुशीला नायर यांनी. त्या गांधीजींच्या डॉक्टर. आणि देशात लूप, म्हणजे गर्भाशयात बसवायचं साधन, आणला गेला तो १९६५ मध्ये, त्या केंद्रात आरोग्यमंत्री असताना. वर्ध्याच्या त्या भेटीपासून लूपपर्यंत तीस वर्षं लागली. चोरून येणाऱ्या त्या बायकांसाठी केलेल्या कामाचं मला आजही समाधान आहे आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

मग मत बदललं कशाबद्दल?

आकड्याच्या अर्थाबद्दल. १९९२-९३ च्या पहिल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी २.९ मुलं होत होती. २०१९-२१ मध्ये ती १.७ झाली. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ ते २००१ या दशकात सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती; पुढच्या दशकात वाढ झाली जेमतेम ५ टक्के, १२ लाख ३७ हजारांवरून १३ लाख १ हजार. त्याच काळात राज्य १६ टक्क्यांनी वाढलं. नागपूर-पुण्याकडे माणसं कामाला गेली, त्याचाही या आकड्यात वाटा आहे, सगळा परिणाम जन्माचा नाही. पण २०११ च्या जनगणनेचे हे आकडे आले तेव्हा आम्ही सगळ्या सिस्टर्स खूष झालो होतो. आमच्या पायपिटीचं फळ म्हणून मी ते घरी कौतुकाने सांगितलं होतं.

ऑपरेशनबद्दल पहिला प्रश्न मला एका बाईने त्याच्या बराच आधी विचारला होता. दोन मुलगे, धाकटा चालायला लागला तेव्हा तिचं ऑपरेशन झालं. तिची इच्छा होती, नवऱ्याची हरकत नव्हती, सगळं रीतसर. काही वर्षांनी मोठा मुलगा विहिरीत बुडून गेला. त्यानंतर ती उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, ‘बाई, उघडता येते का जी?’ नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया असते, यश मिळेलच असं नाही, हे मी तिला सांगितलं, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठीही दिली. ती गेली नाही. नवरा म्हणाला, आता राहू दे. दोनवर थांबणं तिला हवं होतं. कायमचं थांबणं हवं होतं का, हा प्रश्न आमच्या रजिस्टरमध्ये नव्हताच. तांबी होती, गोळ्या होत्या. पण शिबिरात किंमत होती ती न उलटणाऱ्या उपायाला. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात आलं ते २०१७ च्या सुमाराला, तोपर्यंत अशा किती ओट्यांवर किती बायका बसून गेल्या असतील.

तरीही माझं गणित मोडलं नाही. ते मोडलं माझ्या मुलीमुळे.

ती पुण्यात नोकरी करते, जावई चाकणला पाळीवर. त्यांना एक मुलगी आहे. नात पाच वर्षांची झाली तेव्हा कुणाही आजीसारखं मीही विचारायला लागले, आता दुसऱ्याचं काय? एक-दोनदा तिने विषय टाळला. मग एका रात्री स्वयंपाकघर आवरता आवरता म्हणाली, ‘आई, दुसरं नको असं नाही गं. मला हवंय. दुसऱ्याला वेळ कुठून आणू ते सांग.’ आणि तिने हिशेब मांडला. कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते, २०१७ पासून. २७ व्या आठवड्यात बाळ कुणाकडे? पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी असं तोच कायदा सांगतो. ती सोय कागदावर कशी असते आणि प्रत्यक्षात कशी, तेही तिने सांगितलं. घराचा हप्ता, शाळेची फी, सासूबाईंचे गुडघे, मी इकडे वर्ध्यात. तिच्या हिशेबात मला एकही चूक सापडली नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. सासूला चोरून येणारी माझी ती बाई आणि माझी ही मुलगी, दोघी सर्वेक्षणात एकाच बाजूला पडतात. दोघी कमी मुलांच्या. एकीने हवं होतं म्हणून थांबवलं, दुसरीला हवं असून थांबावं लागलं. मी मात्र दोघींचा आकडा यशाच्या रकान्यात लिहीत आले होते. कमी झालं एवढं पाहून थांबायचं नसतं, ते कुणाच्या मर्जीने कमी झालं हे विचारायचं असतं, हे मला तेव्हा दिसलं. पुढे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अहवाल आला. भारतासह चौदा देशांत त्यांनी लोकांनाच विचारलं होतं, तुम्हाला हवी तेवढी मुलं होण्यात आडवं काय येतं? भारतातल्या ३८ टक्के लोकांनी पैशाची अडचण सांगितली. माझ्या मुलीसारखी पुष्कळ घरं आहेत, एवढं त्यावरून कळलं.

ही फक्त पुण्यातल्या नोकरदारांची गोष्ट आहे असं समजू नका. निवृत्त झाल्यावर मी गावात जास्त राहते. वेचणीच्या दिवसांत किलोच्या भावाने कापूस वेचणाऱ्या बायका सकाळीच रानात जातात. अंगणवाडी दुपारी सुटते. त्यानंतर लहानगं कुठे? बाभळीला साडीची झोळी बांधायची, नाहीतर थोरल्या पोरीची शाळा बुडवून तिच्याकडे द्यायचं. पराटीत साप असतो, फवारणीचे डबे बांधावर पडलेले असतात. अशाच एका बाईला मी विचारलं, एकच का गं? ती म्हणाली, ‘बाई, हिलेच पाहाले कोनी नाई, तं दुसरं कायले?’ तिला कुठल्याही सिस्टरने समजावलेलं नव्हतं. पाळणाघर नसणं हेच तिचं कुटुंब नियोजन.

आणि ज्या घरात लग्नच झालेलं नाही, त्या घराचं काय? हे दुःख आमच्या गावांत दारोदार आहे, पण आकडेवारीत कुठेच ठळक दिसत नाही. पाच एकर कोरडवाहू, पदवी झालेली, वय पस्तिशीकडे झुकलेलं, आणि मुलगी मिळत नाही. ओळखीचे बाप मला थांबवून विचारतात, ‘सिस्टर, तुमच्या पाहण्यात एखादी पोरगी हाये का?’ शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यात वर्धा होता. तेव्हा शाळेत असलेल्या मुलींनी आपल्या आयांचं आणि मावश्यांचं जे पाहिलं ते पाहिलं. त्या आज शेतकरी नवरा नको म्हणतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. शेतीवर संसार चालेल अशी खात्री कुणी दिली तर त्या विचार करतील. पण या मुलांच्या घरात पाळणा हलत नाही, तो कुठल्या जागृतीमुळे? कापसाला भाव नाही, सोयाबीनला भाव नाही, हे त्याचं उत्तर आहे. हा जन्मदर कमी झाल्याचा आनंद मानायचा कसा?

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले तर पहिली ते चौथी मिळून मुलं एका सतरंजीवर मावतात. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा आहेत. यात तालुक्याच्या कॉन्व्हेंटकडे गेलेली मुलंही पुष्कळ, त्यामुळे सगळं जन्मदरावर ढकलायला नको. पण आपली शाळा बंद होणार का, ही धास्ती लहान गावांत आहे आणि ती खरी आहे.

मूल नकोच म्हणणाऱ्या मुलींबद्दलही माझं मत बदललं. माझ्या नात्यातल्या एका मुलीने लग्नानंतर स्पष्ट सांगितलं, आम्हाला मूल नको. मी तिला स्वार्थी म्हटलं नाही, पण मनात तेच आलं होतं. मग एकदा पवनारला गेले असताना विचार करत राहिले. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथल्या बहिणींनी लग्न आणि मूल दोन्ही बाजूला ठेवून शेती, छपाई, अध्ययन, सामूहिक जीवन निवडलं. जिल्ह्यातली माणसं तिथे गेली की हात जोडतात, मीही जोडते. तीच माणसं गावात मूल नसलेल्या सुनेला ओटी भरायला बोलावत नाहीत. र. धों. कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मूल होऊ न देण्याचं ठरवलं होतं, त्याला आपण आता थोरपणा म्हणतो. मग आपल्याच घरातल्या मुलीने ठरवलं तर ते खूळ कसं? आश्रमातल्या बहिणीचा निर्णय आणि माझ्या नातलग मुलीचा निर्णय यांत कारणं वेगळी आहेत, हे मला कळतं. ठरवण्याचा हक्क मात्र मला एकच दिसतो.

कायद्याचं तेच. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद लढवता येत नाही. २००५ पासून सरकारी नोकरीलाही दोन मुलांची अट आहे. मी त्या वेळी या नियमाच्या बाजूने बोलत असे. नंतर एका गावात निवडून आलेली बाई तिसऱ्या बाळंतपणामुळे पद गमावताना पाहिली. दोन मुली होत्या, सासरला मुलगा हवा होता. तिसऱ्याचा निर्णय तिने घेतलेला नव्हता. पद मात्र तिचं गेलं आणि ज्यांनी आग्रह धरला त्यांचं काहीच गेलं नाही. ज्या राज्यात सरासरी १.७ वर आली आहे तिथे हा नियम कुणाला आवरतो? मध्य प्रदेश आणि हरियाणाने तो कधीच काढून टाकला, आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढला. महाराष्ट्रानेही तो आता काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तो काढताना उलटा आग्रह धरू नये. १ डिसेंबर २०२४ ला नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर २.१ च्या खाली जाऊ नये, तीन मुलं हवीत, असं आवाहन केलं. त्यांची काळजी मी समजू शकते. म्हातारी होत चाललेली गावं मी रोज पाहते. पण त्यांच्या आवाहनाशी मी सहमत नाही. आधी दोनच्या वर नको म्हणून बाईला समजवायचं आणि आता तीनच्या खाली नको म्हणून तिलाच समजवायचं, यात तिला काय हवं हे पुन्हा राहूनच जातं. चीनने १९८० नंतर एक मूल लादलं, २०२१ मध्ये तीनची मुभा दिली, तरी तिथले जन्म वाढले नाहीत. दक्षिण कोरियाने जोडप्यांना पैसे दिले, सवलती दिल्या. २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ होता. थांबवणं एक वेळ सक्तीने जमतं. मूल मात्र बाईला तिच्या पुढच्या वीस वर्षांचा भरवसा वाटला तरच होतं.

तो भरवसा कशाने येईल, ते मला उपकेंद्रातल्या नोकरीने शिकवलं आहे. प्रसूतीनंतर घरी बसलेल्या मजूर बाईला बुडालेल्या मजुरीचा खरा मोबदला मिळाला तर. मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला ५ हजार रुपये मिळतात. वेचणीचा एक हंगाम बुडाला तर त्याहून कितीतरी जास्त जातं. बापाने बाळाचं हगणं-मुतणं काढणं ही बातमी राहिली नाही तर. तांबी, अंतरा, गोळ्या, ऑपरेशन, सगळं समोर ठेवून ‘तुला काय पाहिजे’ असं विचारणारी सिस्टर भेटली तर. आणि सासू-आजीने ‘काही आहे का?’ हे विचारणं सोडलं तर. मी ते सोडलं आहे. मुलीला आता मी एवढंच विचारते, मी किती दिवस येऊन राहू?

माझ्या वयाच्या, माझ्या खात्यातून निवृत्त झालेल्या बहिणींना आणि गावोगावच्या आशाताईंना माझी विनंती आहे. २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते, आणि दिवाळीच्या सुमाराला वेचणी भरात येते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्या पैशातून वेचणीच्या महिन्यांत अंगणवाडीच्याच खोलीत संध्याकाळपर्यंत पाळणाघर चालवावं, गावातल्याच दोन बायांना त्याचं मानधन द्यावं, असा ठराव मांडा. उभं राहून मांडा, लेखी द्या, आणि ठराव वहीत उतरल्याशिवाय घरी जाऊ नका.